‘भाऊबंदकी’तील माणसे आणि कलकत्त्याचे दप्तर

भाद्रपद जवळ आला की परमुलखातल्या मराठी माणसास दोन गोष्टींची आठवण होते. एक मोदकांची आणि दुसरी नाटकाची. मोदकांची सोय घरोघर होते. नाटकाची मात्र माणसे जमवावी लागतात. गेल्या भाद्रपदात डमडमच्या आमच्या बिऱ्हाडी, डोक्यावरून उतरणाऱ्या विमानांच्या घरघराटात, आम्ही पाचसात कुटुंबांनी मिळून कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तला एखादा प्रवेश बसवावा असा बेत केला. पुरुषपात्रांची वाण पडली नाही. आवाज चढविण्याची संधी घरी मिळत नाही आणि कचेरीत परवडत नाही, असे गृहस्थ केंद्र सरकारच्या नोकरीत विपुल आहेत. राघोबा एक मिळाला, रामशास्त्री दोन मिळाले. अडले ते आनंदीबाईपाशी. आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीस ती भूमिका द्यावयाची ठरली होती. त्यांनी पुस्तक चाळले, मिटले आणि विचारले, “भावोजी, काम मी करते. पण आधी एक सांगा. त्या बाईनं ते अक्षर खरंच बदललं होतं का?”

आम्ही म्हणालो, “सगळे तसंच म्हणतात, वहिनी.”

“सगळे म्हणतात, एवढ्यावर तुमच्या कचेरीत कागद पुढे जातो का?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पंधरा वर्षे फायली हाताळणाऱ्या माणसाने निदान या बाबतीत तरी निरुत्तर होऊ नये, असे मनास लागून राहिले. म्हणून पुढल्या तीनचार सुट्ट्या आम्ही अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात घालविल्या. तेथे जे हाती लागले त्यात नाटकातल्या माणसांचे मूळ चेहरे तर होतेच. शिवाय त्यांच्या शोकांतिकेचे काही अंक पुण्यात न घडता याच कलकत्त्यात घडले होते, हेही ध्यानी आले. आपल्यापैकी जे वाचक या शहरी बदलून आले आहेत किंवा येणार आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण.

प्रथम नाटकाविषयी थोडे. खाडिलकरांचा जन्म १८७२ चा, सांगलीचा. ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ हे त्यांचे पहिले नाटक १८९३ मध्ये लिहून झाले होते, पण रंगभूमीवर आले ते १९०६ मध्ये. ‘कीचकवध’ १९०७ चे. त्यावर १९१० मध्ये सरकारची बंदी आली. या दोहोंच्या मधले ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने केले. ही साले ध्यानी घेतल्याशिवाय या नाटकातली धग समजत नाही. १९०७ च्या अखेरीस सुरतेची काँग्रेस फुटली. १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेस झाली. खाडिलकर ‘केसरी’तले, लोकमान्यांच्या अगदी जवळचे. घरात तंटा चालू असता दाराबाहेर परका उभा आहे, हे दृश्य त्यांनी पेशवाईच्या पोशाखात मांडले आणि प्रेक्षकांनी ते आपल्या काळच्या पोशाखात ओळखले. या नाटकावर शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ची छाया आहे, हे समीक्षकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. शूर पण डळमळीत मनाचा पती, त्याच्या मनातला सुप्त लोभ पेटविणारी पत्नी, आप्ताचाच खून आणि मग गादीवर बसूनही न मिळणारी झोप, हा साचा उघड तिकडचा आहे. त्यात खाडिलकरांनी आपल्या घरचा एक माणूस आणून उभा केला. तो रामशास्त्री. ‘मॅक्बेथ’मध्ये रामशास्त्री नाही. सिंहासनावर बसलेल्या खुन्यासमोर निःशस्त्र उभा राहून शिक्षा सांगणारा न्यायाधीश शेक्सपिअरला स्कॉटलंडच्या इतिहासात सापडला नाही. खाडिलकरांना तो शनिवारवाड्यात आयता सापडला.

पुढे या भूमिकांनी नटांच्या पिढ्या घडविल्या. नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गाबाई खोट्यांची आनंदीबाई ज्यांनी पाहिली, त्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्यांचे वर्णन आम्ही लहानपणी ऐकले आहे. ते ऐकताना राघोबादादा व नानासाहेब ही दोन माणसे वेगळी आहेत, हे आम्हांस बराच काळ उमगले नव्हते. आमची खात्री आहे की महाराष्ट्रातल्या पुष्कळांचे आजही असेच झालेले आहे.

आता खरा राघोबा. रघुनाथराव पहिल्या बाजीरावाचा मुलगा, जन्म १७३४ चा. १७५८ मध्ये मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली ती त्याच्या मोहिमेत. नाटकातला राघोबा पाहून वाटते की हा भोळा, बायकोच्या ओंजळीने पाणी पिणारा गृहस्थ. तिने कानाशी लागून विष ओतले नसते तर याने पुतण्याला अंगाखांद्यावर खेळविले असते. कागदपत्र असे म्हणत नाहीत. थोरल्या माधवरावाच्या कारकिर्दीत, १७६२ च्या नोव्हेंबरात, याच काकाने निजामाशी संधान बांधून पुतण्यावर फौज आणली आणि आळेगावास त्याला शरण यावयास लावले. आनंदीबाई ही त्याची दुसरी पत्नी, कोकणातल्या ओक घराण्यातली. पहिली पत्नी जानकीबाई १७५५ मध्ये वारल्यानंतर ती या घरात आली. त्या काळी मुली कोणत्या वयात सासरी येत हे आपण जाणतोच. तेव्हा आळेगावच्या वेळी तिचे वय काय असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. त्या पोरवयात तिने अटक पाहून आलेल्या सेनानीला राज्यलोभ शिकविला, हे आम्हांस तरी पटत नाही. लोभ त्याचा स्वतःचा होता आणि जुना होता. १७६८ मध्ये धोडपच्या किल्ल्याखाली माधवरावाने त्याचा पुरता मोड केला व त्याला आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. अटकेपार गेलेल्या माणसाला पुण्याच्या चार भिंतींत, पुतण्याच्या पहाऱ्यात, दिवस मोजीत बसावे लागले. शोकांतिकेचे बीज शोधावयाचे तर ते येथे आहे.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारला. (मराठीतले पहिले स्वतंत्र ऐतिहासिक नाटक याच मृत्यूवर आहे, विनायक जनार्दन कीर्तन्यांचे, १८६१ चे. आपल्या रंगभूमीला पेशव्यांचे मृत्यू फार मानवले असे म्हणावे लागते.) गादीवर आला नारायणराव, वय सतरा. स्वभावाने उतावळा, शब्दाने तिखट, आणि काकाशी कधी गोड तर कधी कठोर. थोरला भाऊ वाघाला पिंजऱ्यात ठेवीत होता तेव्हा त्याला वाघाची भाषा येत होती. धाकट्याच्या हाती पिंजऱ्याची किल्ली तेवढी आली.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. दुपारच्या वेळी सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ या गारद्यांच्या सरदारांनी थकलेल्या पगाराचा कल्ला करीत वाड्यात प्रवेश केला. राघोबाचा हुजऱ्या तुळाजी पवार त्यांच्यात सामील होता. वाटेत आडवे आलेले लोक कापले गेले. इच्छारामपंत ढेरे पडले. एक गायही मारली गेली. नारायणराव धावत काकाच्या महालात गेला आणि त्याच्या गळ्याला मिठी मारून जीव वाचवा म्हणू लागला. सेवक चापाजी टिळेकर त्याच्या अंगावर आडवा पडला. दोघांवरही एकदम वार झाले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आजही शनिवारवाड्यात ऐकू येते, असे पुण्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगण्यात येते. आम्हांलाही आमच्या मामांनी सांगितले होते आणि त्या रात्री आम्ही झोपलो नव्हतो. ती हाक ऐकू येवो न येवो, ज्या खांद्यावर तो मुलगा मान टाकून होता तो खांदा बाजूला झाला, एवढे निश्चित. मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. घरी पत्नी गंगाबाई गरोदर होती.

येथून रामशास्त्र्यांचे काम सुरू होते. साताऱ्याजवळच्या माहुलीचे हे प्रभुणे घराणे. माधवरावाच्या काळातही ते न्यायाधीशाच्या जागेवर होते. गादीवर आता राघोबा बसलेला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध चौकशी तोच चौकशी करणाऱ्याचा धनी. आमच्यासारख्या नोकरमाणसाला या परिस्थितीचे गांभीर्य जितके कळते तितके कवींनाही कळणार नाही. वरिष्ठाच्या विरुद्ध टिपण लिहावयाचे आणि ते त्याच्याच सहीसाठी पाठवावयाचे! शास्त्रीबुवांनी चौकशी पुरी केली आणि सुमारे पन्नास माणसे या कटात गुंतलेली आहेत असे काढले. मग स्वतः राघोबाकडे जाऊन त्याला विचारले. यापुढची हकीगत आपल्यापर्यंत आली आहे ती बव्हंशी ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातून. राघोबाने कबूल केले की आपण गारद्यांना नारायणरावास पकडण्याचा हुकूम लिहून दिला होता, मारण्याचा नव्हे. ती मूळ चिठ्ठी शास्त्र्यांनी मिळविली तेव्हा तिच्यात ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ केलेले आढळले. आणि हा फेरफार आनंदीबाईने केला असा सर्वांचा समज आहे, असे डफ लिहितो. पुढे राघोबाने प्रायश्चित्त विचारले आणि शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. तुझ्या राज्यात पाऊल ठेवणार नाही म्हणून ते पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले.

वहिनींचा प्रश्न या एका वाक्याविषयी होता, म्हणून ते वाक्य आम्ही आमच्या धंद्याच्या रीतीने तपासले.

पहिली गोष्ट तारखेची. डफचा ग्रंथ छापून निघाला १८२६ मध्ये. तो साताऱ्यास रेसिडेंट होता १८१८ पासून १८२२ पर्यंत. म्हणजे खून व त्याची नोंद यांच्यात अर्ध्या शतकाचे अंतर. डफने कागद पुष्कळ पाहिले, माणसे पुष्कळ विचारली. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. पण या ठिकाणी तो स्वतःच ‘समज आहे’ असे लिहितो. आमच्या कचेरीत ‘समज आहे’ या शब्दांवर साधी रजासुद्धा मंजूर होत नाही. दुसरी गोष्ट खुद्द चिठ्ठीची. ज्या कागदावर एका स्त्रीला अडीच शतके दोषी धरण्यात आले, तो कागद आज कोणत्याही दप्तरात नाही.

तिसरी गोष्ट अक्षराची. ‘ध’ चा ‘मा’ असे आपण सहज म्हणतो आणि एक टिंब पुसून दुसरे काढावे इतके ते सोपे वाटते. वास्तविक ‘धरावे’चे ‘मारावे’ करावयाचे तर अक्षर बदलले पाहिजे आणि शिवाय एक काना जास्तीचा घातला पाहिजे. हुकूम मोडीत लिहिलेला असणार. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, तिच्याखाली अक्षरे लटकवीत जातात आणि शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नाही. त्या दाटीत काना घुसविणे अशक्य आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो फेरफार आंधळ्यालाही दिसला असता, आणि ज्यांना तो हुकूम बजावावयाचा होता ते गारदी तरी त्यावर विश्वासून पेशव्याच्या अंगावर हत्यार कसे उचलतील?

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. या हकीगतीने फायदा कोणाचा होतो? ‘मी धरावे असे लिहिले होते’ हे वाक्य आरोपीचे आहे. कागदात फेरफार झाला हे मान्य केले की राघोबा खुनी राहात नाही. तो केवळ पुतण्याला कैद करू पाहणारा, फसलेला माणूस ठरतो. फेरफार दुसऱ्या कोणी केला असे म्हटले की त्याचे उरलेसुरले पापही हलके होते. आणि हे पाप ठेवण्यास घरातली बायको हे सर्वांत जवळचे ठिकाण. शिवाय गारद्यांनाही स्वतःचे हितसंबंध होते. जिवंत पकडलेला पेशवा उद्या सुटला तर पहिली मुंडकी कोणाची उडणार, हे सुमेरसिंगाला ‘ध’ किंवा ‘मा’ वाचल्याशिवाय समजत होते. एवढ्याने आनंदीबाई निर्दोष ठरते काय? नाही. ती महत्त्वाकांक्षी होती, तीक्ष्ण बुद्धीची होती, नवऱ्याच्या राजकारणात तिचा हात होता, हे कोणी नाकारीत नाही; कटाची बातमी तिला नव्हती असे मानणेही कठीण. परंतु कट ठाऊक असणे आणि अक्षर बदलणे या दोन बाबी निराळ्या आहेत, आणि दुसऱ्या बाबीचा पुरावा फायलीत नाही. शेरा मारावयाचा तर ‘आरोप सिद्ध नाही’ एवढाच मारता येईल.

खाडिलकरांना आम्ही दोष देत नाही. नाटककाराला दोन अडीच तासांत दोन माणसांच्या संवादातून खुनाचा निश्चय पिकवावा लागतो. पाच वर्षांची नजरकैद रंगभूमीवर दाखविता येत नाही, आनंदीबाई दाखविता येते. दोष असलाच तर आम्हां प्रेक्षकांचा, की आम्ही नाटकाच्या तिकिटावर इतिहासाचीही पावती घेऊन घरी आलो.

आता कलकत्त्याचा अंक. १७७३ च्या जूनमध्ये, म्हणजे खुनाच्या दोनअडीच महिने आधी, विलायतेच्या पार्लमेंटात रेग्युलेटिंग ॲक्ट मंजूर झाला आणि युद्ध व तह यांच्या बाबतीत मुंबईकर इंग्रजांवर कलकत्त्याची देखरेख आली. ती खबर समुद्रावर असतानाच पुण्यात रक्त सांडले. इकडे सखारामबापू, नाना फडणीस आदी बारभाईंनी गंगाबाईस पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली. राघोबा पळत पळत गुजराथेत गेला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेस मुंबईकरांशी तह करून बसला: साष्टी व वसई तुम्हांला, गादी मला. मुंबईकरांनी कलकत्त्याला विचारले नाही. कोणत्या शाखा-कचेरीने मुख्य कचेरीला न विचारता केवढा खर्च केला असता काय होते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

कलकत्त्याच्या कौन्सिलात तेव्हा पाच जण. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज व त्याचा बारवेल एका बाजूला. ऑक्टोबर १७७४ मध्ये विलायतेहून आलेले क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस दुसऱ्या बाजूला. बहुमत तिघांचे. मुंबईकरांनी केलेले युद्ध अनधिकृत व अन्यायाचे आहे असा शेरा मारून कौन्सिलाने ते थांबविण्याचा हुकूम सोडला. हेस्टिंग्जलाही तह गैरवाजवी वाटत होता. पण एकदा उपसलेली तलवार मधेच म्यान करू नये असे त्याचे म्हणणे होते, आणि ते मतात हरले. कर्नल अप्टन येथून निघून पुरंदरास गेला आणि १ मार्च १७७६ चा तह झाला. त्यात राघोबाने पेन्शन घेऊन कोपरगावी राहावे असे ठरले. ज्या माणसाने गादीसाठी पुतण्याचा खून पचविला, त्याचे भवितव्य त्याने कधी न पाहिलेल्या गावी, त्याला न ओळखणाऱ्या पाच माणसांच्या मतांनी, तीन विरुद्ध दोन असे ठरले. खाडिलकरांनी हा प्रवेश लिहिला असता तर रामशास्त्र्याच्या शापाला याहून समर्पक फळ त्यांना कल्पनेनेही सुचले नसते.

राघोबाने तो तह मानला नाही आणि युद्ध पुन्हा पेटले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास मुंबईकरांची फौज कोंडली गेली व राघोबा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाला. तेथून निसटून तो गॉडर्डच्या छावणीत सुरतेस आला. हा गॉडर्ड बंगालची फौज घेऊन अर्धा हिंदुस्थान तुडवीत तेथे पोहोचला होता. इकडे फ्रान्सिसने मराठ्यांवरील युद्धात आडकाठी करणार नाही असा शब्द दिला होता, तो मोडला असा हेस्टिंग्जने त्याच्यावर लेखी ठपका ठेवला. परिणामी १७ ऑगस्ट १७८० च्या सकाळी अलिपुरात दोघांनी एकमेकांवर पिस्तुले झाडली. फ्रान्सिस जखमी होऊन पडला. ती जागा बेल्व्हेडिअरच्या परिसरातली, म्हणजे आज जेथे राष्ट्रीय ग्रंथालय आहे त्याच्या शेजारची. राघोबाचे कागद आम्ही जेथे बसून वाचीत होतो, तेथून हाकेच्या अंतरावर राघोबाच्या युद्धापायी दोन इंग्रज एकमेकांच्या जिवावर उठले होते, हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून क्षणभर बाहेरच्या झाडांकडे पाहात राहिलो. दुपारच्या चहाची वेळही टळली.

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी राघोबाचा पक्ष सोडला. दरमहा २५,००० रुपये घेऊन तो कोपरगावी राहिला आणि १७८३ च्या डिसेंबरात वारला. त्याच वर्षी बंगालच्या तोफखान्याचे ठाणे आमच्या डमडमला आले. गावाचे नाव ‘दमदमा’वरून पडले असे सांगतात, तोफ चढविण्यासाठी रचलेल्या मातीच्या उंचवट्याला मराठीतही दमदमाच म्हणतात. एरवी हे गाव मराठी वाचकास ठाऊक असते ते विमानतळामुळे, नाही तर शरीरात शिरून फुटणाऱ्या त्या कुप्रसिद्ध गोळीमुळे.

आनंदीबाईचे पुढे काय झाले, हे नाटकात येत नाही. नवरा गुजराथेत पळाला तेव्हा ती गरोदर होती आणि तिला धारेस ठेवण्यात आले होते. तेथे जानेवारी १७७५ मध्ये तिला मुलगा झाला; तोच शेवटचा बाजीराव. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिला दुसरा मुलगा झाला, चिमाजी. नाना फडणिसांच्या पहाऱ्यात तिने वैधव्याची दहा वर्षे काढली आणि १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीस डोळे मिटले. पुढच्याच वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून गेला आणि १७९६ मध्ये तिचा मुलगा गादीवर आला. ते पाहावयास ती नव्हती. नवऱ्याला नजरकैद झाली तर ती लोकांना दिसली, त्याच्याविषयी हळहळही वाटली. बायकोची नजरकैद कोणी मोजली नाही.

हे सर्व आम्ही एकदा डबा खाताना आमच्या शेजारच्या टेबलावरील बंगाली गृहस्थांना सांगितले. ते वयाने वडील म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो. मराठे म्हटले की त्यांना आधी आठवतात ते बर्गी. आपले ‘बारगीर’ येथे येऊन बर्गी झाले, आणि भास्करराम कोल्हटकराच्या स्वाऱ्यांची भीती येथल्या आया अजून अंगाईत घालून मुलांना निजवितात. त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी जो खंदक खणावयास घेतला त्यास मराठा डिच म्हणत. तो पुढे बुजवून त्यावर रस्ता झाला. दादांनी आमची हकीगत शांतपणे ऐकली आणि सिराजउद्दौलाची गोष्ट काढली. तोही कोवळा नवाब, त्याच्याही घरात मावशी घसेटी बेगम, त्याच्याही पदरी मीर जाफर. आणि १७५७ च्या जुलैत त्याचाही खून. गिरीशचंद्र घोषांनी त्याच्यावर १९०५ मध्ये नाटक केले आणि तेही सरकारने १९११ मध्ये बंद केले. पण बंगाल्यांनी एक गोष्ट अधिक केली. नाटकाच्या आधीच, १८९८ च्या सुमारास, अक्षयकुमार मैत्रेय यांनी सिराजवरील आरोपांची कागदोपत्री फेरतपासणी केली होती. अंधारकोठडीच्या हकीगतीवर त्यांनी शंका घेतली. त्या हकीगतीचे हॉलवेल स्मारक कर्झनने १९०२ मध्ये भर चौकात नव्याने उभारले होते. सुभाषबाबूंच्या चळवळीनंतर १९४० मध्ये ते तेथून हलवावे लागले. आज ते सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आहे. “तुमच्या आनंदीबाईचं स्मारक कुठं आहे?” दादांनी विचारले. आम्ही म्हणालो, “आमच्या भाषेत आहे. एका म्हणीत.” ते म्हणाले, “मग ते हलवणं कठीण.”

प्रवेशाचे काय झाले हे सांगावयाचे राहिले. वहिनींना आम्ही आमचा सगळा तपास वाचून दाखविला. त्यांनी काम केले. पण त्यांच्या अटीवर. आम्ही रामशास्त्र्यांचाच प्रवेश घेतला, आणि चिठ्ठी वाचली जात असता आनंदीबाईने पडद्याआडून नुसते येऊन उभे राहावे, बोलू नये, असे ठरले. राघोबा संवाद विसरला आणि दोन्ही रामशास्त्र्यांपैकी जो कामावर नव्हता त्याने आतून तो सांगितला. त्यामुळे न्यायाधीशच आरोपीला जबाब पढवीत आहे असा देखावा झाला व मुलांनी टाळ्या वाजविल्या. वहिनी मात्र ज्या नजरेने त्या कागदाकडे पाहात उभ्या होत्या, ती आम्हांस अजून दिसते.

तो कागद आम्हीच केला होता. पिवळा ताव घेऊन, बोरूने, शक्य तितकी मोडीची ढब आणून ‘धरावे’ लिहिले आणि मग त्याचे ‘मारावे’ करावयास बसलो. तीन ताव फुकट गेले. काना कोठेच बसेना. बसला तेथे शाई पसरली. चौथ्यावर जे साधले ते तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्याही नजरेस आले असते. तो ताव आमच्या टेबलाच्या खणात अद्याप आहे.